'जाणार म्हणे' आणि 'जाणार असल्याचे समजते' : फुटबॉलच्या बदलीवार्तांची मराठी

मे महिना लागला की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत 'बदली' या विषयाला दोन निरनिराळे वाचकवर्ग लाभतात. पहिला वर्ग सरकारी नोकरांचा व त्यांच्या कुटुंबियांचा. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदलीविषयक अधिनियमाने सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात, कराव्यात असे ठरवून दिले आहे. त्यामुळे तहसील कचेरीपासून वनविभागाच्या नाक्यापर्यंत त्या दिवसांत दुसरे बोलणे ऐकू येत नाही. दुसरा वर्ग तरुणांचा. त्याचे लक्ष युरोपातील फुटबॉलकडे लागलेले असते. तेथील हंगाम मेअखेरीस आटोपतो आणि पुढे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या आरंभापर्यंत खेळाडूंना एक क्लब सोडून दुसऱ्यात जाण्याची मुभा असते. फिफा या जागतिक संघटनेने अशी ठराविक मुदत २००२ पासून सर्वत्र लागू केली. मुदत आखली गेली की तिच्या आत काय घडणार याविषयीच्या वार्तांना पीक येते. एकाच वर्तमानपत्राच्या जिल्हापृष्ठावर आणि क्रीडापृष्ठावर या दोन्ही प्रकारच्या वार्ता शेजारी शेजारी ठेवून वाचल्या असता एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की, विषय, स्थळ आणि माणसे यांत जमीनअस्मानाचे अंतर असूनही वाक्ये एकाच साच्यातून निघालेली असतात. 'अमुक खेळाडू तमुक क्लबमध्ये जाणार असल्याचे समजते' आणि 'अमुक अधिकाऱ्यांची तमुक ठिकाणी बदली होणार असल्याचे समजते' यांत केवळ नामे बदललेली आहेत.

हा साचा निरुपद्रवी मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः मराठीत ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगण्याची एक जुनी आणि चोख सोय आहे. तिला बाजूस सारून हा साचा रूढ झाला, आणि त्या अदलाबदलीत वाचकाचे काय गमावले गेले हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम शब्दांची अडचण. सरकारी नोकराच्या बाबतीत 'बदली' हा शब्द इतका रुळलेला आहे की त्याला पर्याय सुचत नाही. फुटबॉलच्या वृत्तांतात मात्र तो आधीच दुसऱ्या कामाला जुंपला गेला आहे. 'बदली खेळाडू' म्हणजे सामना चालू असता दुसऱ्याच्या जागी मैदानात उतरणारा. म्हणून क्लब बदलण्याच्या क्रियेस 'हस्तांतरण' हा जमीनजुमल्याच्या दस्तऐवजातला शब्द वापरला जातो, नाहीतर सरळ 'ट्रान्सफर'. बंगालीत हा प्रश्न कधी उद्भवला नाही. कलकत्त्याच्या मैदानावर खेळाडूने क्लब बदलण्याला 'दलबदल' म्हणतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये म्हणून खेळाडूला काही दिवस लपवून ठेवण्याच्या तेथील कथा अनेक पिढ्यांच्या तोंडी आहेत. हिंदीत तोच शब्द राजकीय पक्षांतराचा वाचक झाला. कोल्हापुरात, जेथे फुटबॉल तालमींच्या आणि पेठांच्या नावाने खेळला जातो, तेथे खेळाडू या तालमीतून त्या तालमीत 'गेला' एवढेच म्हणतात, आणि त्या 'गेला'मध्ये पेठेच्या रुसव्याफुगव्यासह सर्व काही येते. क्रीडापृष्ठाने हा 'गेला' उचलला असता तर बरे झाले असते. पण 'हस्तांतरण' अधिक भारदस्त वाटले असावे.

आता मुख्य मुद्दा. 'तो जाणार म्हणे' या वाक्यातील 'म्हणे' हे मूळचे क्रियापदाचे रूप होय. आजच्या मराठीत ते रीतिभूतकाळाचे समजले जाते, तर संतवाङ्मयात वर्तमानाच्या अर्थी येते. ऐकीव माहितीचे चिन्ह म्हणून वापरताना मात्र ते गोठलेले आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. सांगणारी स्त्री असो, दहा माणसे असोत, 'म्हणे' बदलत नाही. आणि सांगणाऱ्याचे नाव तर मुळीच येत नाही. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' या मुद्रांशी त्याची तुलना केली म्हणजे गंमत लक्षात येते. मुद्रेत म्हणणारा आपले नाव घालून बोलल्याची जबाबदारी पत्करतो. ऐकीव 'म्हणे'मध्ये नाव गळून पडते, परंतु क्रियापद शिल्लक राहते, आणि ते शिल्लक राहिल्यामुळे ऐकणाऱ्याला एक प्रश्न विचारण्याची वाट मोकळी असते : 'कोण म्हणतो?' हा प्रश्न उद्धट नाही. पारावर, एसटीच्या थांब्यावर, आठवडी बाजारात तो रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तरही दिले जाते : 'पंचायत समितीतला बाबू म्हणत होता.' उत्तराने माहितीचे मोल ठरते.

ही सोय या दोन जिल्ह्यांत सर्व थरांत आढळते. झाडीबोलीत 'ण' नसल्यामुळे ती 'मने' किंवा 'म्हने' अशी ऐकू येते. दक्षिणेस सिरोंचाकडे तेलुगू बोलणाऱ्यांची वस्ती आहे. तेलुगूत क्रियापदाच्या शेवटी लागणारा 'अट', बोलीत 'अंट', हेच काम करतो आणि तोही 'म्हणणे' या अर्थाच्या 'अन्' धातूपासूनच आलेला आहे. मराठीतील 'म्हणून' आणि द्राविडी भाषांतील तत्सम रूपे यांच्या साम्याकडे अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वीच गेले आहे. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली, तीत अशाच प्रकारच्या साम्यांचा विचार आहे. येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवावयाचे की, गोदावरी-प्राणहितेच्या काठी दोन निराळ्या कुळांच्या भाषा बोलणारी माणसे ऐकीव गोष्टीला 'बोलण्या'चेच चिन्ह लावतात. 'जाणण्या'चे चिन्ह लावत नाहीत.

वर्तमानपत्री साचा नेमके हेच करतो. 'समजणे', 'कळणे' ही जाणण्याची क्रियापदे होत. ज्याला समजते तो चतुर्थीत असतो : 'मला समजते', 'त्याला कळले'. बदलीवार्तेत ही चतुर्थी पुसून टाकलेली असते. 'समजते' हे तर आहे, पण कोणाला, ते नाही. शिवाय जे समजते ते 'जाणार असल्याचे' अशा रूपात येते. म्हणजे अख्खे वाक्य नामासारखे बांधून, गाठोडे करून, ज्ञानाचा विषय म्हणून पुढे ठेवले जाते. अशा क्रियापदांच्या पोटात आपल्या विषयाचे खरेपण गृहीत धरलेले असते, हे किपार्स्की दांपत्याने १९७० मध्ये दाखवून दिले. त्यांची नकाराची कसोटी मराठीस सहज लावता येते. 'तो जाणार असे चाहत्यांना वाटले नाही' या वाक्यावरून तो गेला की राहिला हे ठरत नाही. 'तो जाणार असल्याचे चाहत्यांना समजले नाही' असे म्हणताच तो जाणार होता, हे ठरूनच जाते. वृत्तलेखकाला एवढे खरेपण अभिप्रेत नसते हे उघड आहे. तोही सावधपणानेच 'समजते' लिहितो. इंग्रजी वार्तापत्रांतील निर्नायकी कर्मणी रचनेचा ठसा या प्रयोगावर दिसतो, आणि त्या भाषेत ती रचना हात राखून बोलण्याची खूण म्हणून चालते. मराठीत उतरताना हात राखणे मागे राहिले आणि ज्ञानाचा आव तेवढा पुढे आला.

'चर्चा' या नामाची कथा थोडी वेगळी. 'जाणार असल्याची चर्चा आहे' यात निदान बोलण्याचा उल्लेख आहे. परंतु तेही नामरूप झाल्यामुळे 'कोण चर्चा करतो?' असे कोणी विचारत नाही. चर्चा हवेसारखी असते. ती 'रंगते', तिला 'ऊत येतो', 'उधाण येते'. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या वनप्रदेशातही चर्चांना उधाणच येते, वैनगंगेचा पूर येत नाही, हे शैलीच्या उसनेपणाचे एक लहानसे गमक मानावयास हरकत नसावी. आणि 'सूत्र'! पाणिनीच्या परंपरेत ज्या शब्दाचा अर्थ थोडक्या अक्षरांचे, संशयाला जागा न ठेवणारे विधान असा होता, तो आता नाव नसलेल्या, ओळख न देणाऱ्या, कोणत्याही विधानाला न बांधलेल्या माणसाचा वाचक झाला आहे. अर्थपरिवर्तनाचे याहून नाट्यपूर्ण उदाहरण वर्गात सांगावयास मिळणे कठीण.

येथे एक आक्षेप संभवतो. युरोपातील मूळ वार्ताच संदिग्ध असतात, तेव्हा मराठी उपसंपादकाने काय करावे? आक्षेप अर्धाच खरा आहे. त्या वार्तांना संदिग्धतेची एक बारकाईने आखलेली उतरंड असते. खेळाडूचे नाव एखाद्या क्लबशी 'जोडले जाणे' ही सर्वांत खालची पायरी. तिच्यात माहिती जवळजवळ नसतेच. त्यावर 'विचारणा', त्यावर 'बोलणी', त्यावर खेळाडूशी अटी ठरणे, मग दोन क्लबांत रक्कम ठरणे, मग वैद्यकीय तपासणी, आणि अखेर नोंदणी. सराईत वाचक या पायऱ्या ओळखतो. फाब्रित्सिओ रोमानो या इटालियन वार्ताहराने तर 'हिअर वी गो' हे शब्द व्यवहार पक्का झाल्याची स्वतःची मोहोर म्हणून रूढ केले. ते चुकले तर अपकीर्ती त्याची होते. ही मोहोर वृत्तीने संतांच्या मुद्रेच्या जवळची आहे, असे म्हटल्यास कोणी रागावू नये. म्हणणारा नाव घालून म्हणतो, इतक्यापुरतेच हे साम्य. मराठी क्रीडापृष्ठावर या सात पायऱ्यांच्या बहुधा दोनच होतात : 'समजते' आणि 'निश्चित'. मधली सारी चढण सपाट होते.

चढण सपाट करण्यात काय जाते ते दोन प्रसंगांवरून दिसेल. २३ जुलै २०१७ रोजी बार्सिलोनाचा बचावपटू जेरार्ड पिके याने नेमारसमवेतचे छायाचित्र प्रसिद्ध करून त्याखाली स्पॅनिशमध्ये 'से केदा', म्हणजे 'तो राहतो आहे', एवढेच लिहिले. वाक्य साध्या वर्तमानकाळातले, कर्ता नेमार, सांगणारा त्याचा सहकारी. ३ ऑगस्टला नेमार २२ कोटी २० लाख युरो या अभूतपूर्व रकमेला पॅरिसच्या क्लबात गेला. विधान खोटे ठरले. पण कोणी केले हे जगाला ठाऊक असल्यामुळे त्याचा हिशेब चुकता करता आला. दुसरा प्रसंग उलट्या जातीचा. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक दाविद दे हेआ रेआल माद्रिदला जाणार ही वार्ता खरी होती. दोन्ही क्लबांचे ठरलेही होते. स्पेनमधील मुदत मध्यरात्री संपली आणि कागदपत्रे थोडक्या मिनिटांनी उशिरा पोचली. दे हेआ मँचेस्टरातच राहिला, तो २०२३ पर्यंत. बातमी खरी आणि घटना नाही, अशी ही स्थिती. 'जाणार' या रूपात ती मावते, कारण मराठीतील 'जाणार' हे 'जाईल'प्रमाणे भविष्य वर्तवीत नाही. ते आजच्या घडीचा बेत, ठराव, तयारी सांगते. वृत्तलेखकाने या भेदाचा उपयोग केला असता तर त्याची पुष्कळशी विधाने चुकीची ठरलीच नसती. परंतु 'समजते'ला जोडल्यामुळे 'जाणार'ही ठाम भविष्यासारखे वाचले जाते.

सांगणारा पुसला गेल्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र लंडनचे आहे. जानेवारी २००९ मध्ये 'द टाइम्स' या प्रतिष्ठित दैनिकाने उगवत्या पन्नास फुटबॉलपटूंची यादी छापली. तीत तिसाव्या क्रमांकावर मासाल बुगदूव नावाचा सोळा वर्षांचा मोल्दोव्हाचा खेळाडू होता आणि आर्सेनल क्लबशी त्याचे नाव जोडलेले होते. असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. कोणा चेष्टेखोराने बनावट वृत्ते पेरून त्याला जन्म दिला होता. नावाचा उलगडा भाषेच्या अभ्यासकाला विशेष रुचेल : ते आयरिश भाषेतील 'माझे छोटे काळे गाढव' या अर्थाच्या शब्दांचे ध्वनिरूप होते, आणि त्याच नावाची पाड्रिक ओ कॉनेरा यांची एक प्रसिद्ध आयरिश गोष्ट आहे. तीत एक आळशी गाढव अवाच्या सवा किमतीला एकाच्या गळ्यात पडते. एका स्रोताने दुसऱ्याचा आधार घेतला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि प्रत्येक पायरीवर 'कोण म्हणतो?' हा प्रश्न गिळला गेला. आयरिश कानाच्या वाचकाने नाव मोठ्याने उच्चारले असते तर एवढे पुरे होते.

या वार्तांच्या रूपकसृष्टीकडेही क्षणभर पाहिले पाहिजे. खेळाडू क्लबच्या 'रडारवर' असतो, 'गळाला लागतो', 'गोटात' किंवा 'तंबूत दाखल होतो'. त्याच्यावर 'बोली लागते'. मासेमारी, लष्कर, लिलाव. प्रत्येक रूपकात माणूस हे कर्म आहे, कर्ता नव्हे. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ज्यां-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपलेला युरोपीय खेळाडू विनामोबदला दुसऱ्या क्लबात जाण्यास मोकळा झाला. भाषेपर्यंत तो निकाल अद्याप पोचलेला नाही. अर्थात खेळाडूच्या इच्छेचा नेमका माग लावणे सोपे नसते. लिओनेल मेस्सीने ऑगस्ट २०२० मध्ये बार्सिलोनाला रीतसर लेखी कळवून जाण्याची इच्छा दर्शविली आणि त्याला राहावे लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला राहावयाचे होते आणि जावे लागले. आपल्याकडे २०२४ च्या उन्हाळ्यात अन्वर अली हा बचावपटू मोहन बागानकडून ईस्ट बंगालकडे जाणार, ही वार्ता अखेर भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीपुढे आणि दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन पोचली. समितीने सप्टेंबरात त्याला चार महिने खेळण्यास मनाई केली, आणि न्यायालयात दाद मागितल्यावर तो आदेश टिकला नाही. 'गळाला लागला' या दोन शब्दांत यांतले काहीच येत नाही.

जिल्हापृष्ठावर हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. मराठीत 'बदली झाली' म्हटले की करणारा नाहीसा होतो. 'बदली केली' म्हटले की रोष दिसतो. 'बदली करून घेतली' म्हटले की वशिल्याचा वास येतो. तीन प्रयोग, तीन आरोप. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी शासनाने केलेल्या नियमांत 'बदलीस पात्र' आणि 'बदलीच्या अधिकारास पात्र' असे दोन वर्ग आहेत. पहिल्याला हलविता येते. दुसरा, अवघड क्षेत्रातील ठराविक सेवेनंतर, हलविण्याची मागणी करू शकतो. 'पात्र' हा एकच शब्द एकीकडे ओझे आणि दुसरीकडे हक्क दाखवितो. शिक्षकांनी स्वतः या व्यवहारासाठी खेळातला शब्द निवडला आहे : ज्येष्ठाने मागितलेल्या जागेवरून कनिष्ठाला उठावे लागले की त्याला 'खो बसला'. फुटबॉलने कचेरीतून 'हस्तांतरण' घेतले, कचेरीने मैदानातून 'खो' घेतला, आणि या देवघेवीत कचेरीचाच फायदा झाला असे म्हटले पाहिजे. 'खो' नेमका आहे. त्यात देणारा आहे, घेणारा आहे, आणि पाठीवर बसलेली थापही आहे.

आणखी एका शब्दाची गोष्ट याच संदर्भात येते. फुटबॉलच्या वार्तेत ज्या ठिकाणी जावयाचे ते बहुधा हवेसे असते : माद्रिद, लंडन, म्युनिक. राज्याच्या बोलण्यात 'गडचिरोलीला पाठवतो' ही मात्र धमकी आहे. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या एका जिल्ह्याचे विशेषनाम अशा रीतीने शिक्षेचे सामान्यनाम झाले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला त्यात विनोद दिसतो. भामरागड-एटापल्लीच्या वाचकाला आपले गाव कोणाची तरी शिक्षा आहे, हे रोजच्या भाषेतून ऐकावे लागते. बदलीवार्ता वाचताना तो जाणाऱ्याच्या आणि येणाऱ्याच्या, दोघांच्याही चेहऱ्याकडे पाहत असतो.

'म्हणे'चा पुरस्कार करणाऱ्यास एका गोष्टीचे उत्तर द्यावे लागेल. छापील गद्यात 'म्हणे'ला उपहासाची धार आली आहे, विशेषतः ते वाक्याच्या आरंभी आले तर : 'म्हणे मोठा खेळाडू!' वृत्तलेखकाने ते टाळले यात त्याचा दोष काढता येत नाही. शिवाय फुटबॉलच्या अफवांनी कोणाचे नुकसान होते? वाचक जाणूनबुजून त्यात रमतो, आणि मुदत संपताच नोंदणीची यादी सर्व खरेखोटे करून टाकते. हे मान्य करावयास हवे. उपहासाविना ऐकीवपणा दाखविण्यास 'म्हणे'च हवे असेही नाही. 'असे अमुक दैनिकाने म्हटले आहे', 'असे क्लबच्या माजी संचालकाने सांगितले', 'असे कोणीही उघडपणे सांगितलेले नाही', ही वाक्ये कोणत्याही उपसंपादकाच्या हाती आहेत. त्यांना चार शब्द अधिक लागतात एवढेच. तिसरे वाक्य छापण्याचे धैर्य झाले तर निम्म्या वार्ता आपोआप गळतील, आणि कदाचित म्हणूनच ते छापले जात नाही.

नुकसानीचा प्रश्न मात्र क्रीडापृष्ठापुरता मर्यादित राहत नाही. सवय एका पृष्ठावर लागते आणि दुसऱ्यावर चालते. एकदोन शिक्षकांच्या शाळेच्या गावात 'गुरुजी जाणार म्हणे' असे कोणी बोलले तर आई-बाप गुरुजींनाच जाऊन विचारतात, आणि गुरुजी 'अजून तसे काही नाही' किंवा 'अर्ज केला आहे' असे काही सांगतात. हीच गोष्ट 'बदली होणार असल्याचे समजते' म्हणून छापून आली की विचारणे संपते. कोणी मुलाचे नाव आश्रमशाळेत घालण्याच्या तयारीला लागतो, कोणी गुरुजींशी बोलणे कमी करतो. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस जशी खेळाडूंची यादी लागते तशी कोणतीही यादी त्या गावाला, आपण वाचलेले वाक्य खरे होते की खोटे, हे सांगावयास येत नाही. आणि वाक्यात 'म्हणे' नसल्यामुळे ते कोणी म्हटले होते, हेही पुढे कोणाला आठवत नाही.